डावीकडची ताटली

नानांच्या घरात केर काढला की तो टाकायचा नाही, आधी चाळायचा. मी कामाला लागले त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काहीच सांगितलं नाही. भांडी कशी घासायची, पोळ्या किती लागतात, काही नाही. केर पिठाच्या जुन्या चाळणीत घालायचा, खाली वर्तमानपत्र पसरायचं, चाळणीत काय उरतं ते त्यांना दाखवायचं, मग टाकायचा. चाळणी दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली असे.

मला वाटलं, एकटं राहून माणूस थोडा बिघडला असेल. पण विचारलं नाही. मी कोणाला काही विचारत नाही. डाळीच्या मिलमध्ये अकरा वर्षं काढली तिथेही माझा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता. निवडणाऱ्या आम्ही वीसजणी रांगेत बसायचो, चांगली डाळ उजवीकडे, खडा-काडी-किडका दाणा डावीकडे. बाकीच्या दिवसभर बोलायच्या, मी हात चालवायचे. मग रंग ओळखून दाणे उडवणारं मशीन आलं आणि आम्ही सगळ्या घरी आलो. शेजारणीने नानांचं घर दाखवलं.

नाना जळगावातल्या एका पाइपांच्या कारखान्यात तपासणीला होते. पाइप बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. नाना फक्त तपासायचे आणि पास किंवा नापास लिहायचे. निवृत्त झाल्यावरही त्यांची ती खोड गेली नाही. तपासायला पाइप उरले नाहीत, म्हणून त्यांनी रणगाडे घेतले.

रणगाडे म्हणजे प्लॅस्टिकचे, तळहातावर मावतील असे. पण खेळणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, हुबेहूब. तो डब्यात सुटा येतो. झाडाच्या फांदीला फळं लागावीत तसे प्लॅस्टिकच्या बारीक फांद्यांना दोन-अडीचशे भाग लागलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. देशभर हा नाद असलेली माणसं आहेत, आणि त्यांच्यातले बरेच जण डबा उघडण्याआधी किंवा उघडल्यावर नानांना विचारायचे. कुरिअरने डबे यायचे. नाना ते तपासून परत पाठवायचे, सोबत एका कागदावर शेरा. रंग, ब्रश, गोंद, चिमटे, पात्याच्या सुऱ्या, तेही तपासायला यायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरात चाळीसच्या वर डबे होते. त्यातला एकही त्यांनी जोडला नव्हता. प्रत्येकात काहीतरी खोट सापडायची, आणि खोट असलेला रणगाडा ते जोडत नसत. पण टाकतही नसत. नापास डब्यांचं एक पूर्ण कपाट होतं. शेजारच्या काकू एकदा फाटकातून म्हणाल्या, नाना, एवढ्या फौजेत एक तरी गाडी चालू आहे का. नाना म्हणाले, "जोडणारे गल्लोगल्ली आहेत वहिनी. तपासणारा नको का कोणी?"

आता केराचं सांगते. मी लागल्याला महिना झाला असेल. एका भागाला, रणगाड्याच्या वरच्या झाकणाची कडी होती ती, चिमट्यातून उडून कुठेतरी जायची बुद्धी झाली. मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी. त्या दिवशी घाईत मी केर चाळला नाही, घंटागाडी दारात आली म्हणून तसाच दिला. पाच मिनिटांनी नानांनी विचारलं, केर कुठे आहे. मी खाली बघितलं. ते समजले.

बनियन आणि पायजम्यावर नाना घंटागाडीच्या मागे धावले. दोन गल्ल्या पुढे गाठली. गाडीवाल्याशी काय बोलले देव जाणे, पण अख्ख्या गल्लीचा केर दोन पोत्यांत भरून घेऊन आले आणि अंगणात ओतला. मी चाळत होते, ते बघत होते, लोक दोघांना बघत होते. माझे कान इतके तापले होते की त्यावर पोळी भाजली असती. नाना मात्र शांत. म्हणाले, सराफ बाजारात झारेकरी गटारातली माती धुऊन सोनं काढतो, त्याला कोणी वेडा म्हणत नाही.

आणि सोनंच निघालं. शेजारच्या काकूंची दोन महिन्यांपूर्वी हरवलेली नाकातली मुरणी. ती बिचारी बाई रडायलाच लागली, आम्हाला पेढे आणून दिले. कडी मात्र सापडली नाही. नानांनी त्या डब्यावर लिहिलं, 'एक कडी कमी, दोष तपासणाऱ्याचा', आणि तो नापास कपाटात ठेवला. दोष माझा होता. मी म्हटलं नाही, पण त्या रात्रीपासून मला जो घोर लागला तो त्या घरात असेपर्यंत सुटला नाही. पायाखाली काहीतरी बारीक मोडेल, झाडूला काहीतरी लागेल. नानांच्या खोलीत मी पाऊल उचलून न टाकता सरकवत चालायचे.

तपासायच्या त्यांच्या रीती ऐकून कोणी हसेल. चिमटा आला की ताटलीत खसखस टाकायची आणि एक-एक दाणा उचलायचा. दहातले नऊ उचलले गेले तर पास. सुरीचं पातं केळीच्या पानावर चालवायचं, पान सरळ कापलं गेलं तर ठीक, कडेला फाटलं तर नापास. गोंदाने दोन तुकडे जोडून दुसऱ्या दिवशी त्यांना पाण्याने भरलेला तांब्या टांगायचे. एकदा तांब्या पडला. त्या गोंदाच्या शेऱ्यात लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, 'नापास. पायावर पडला.' रंगाच्या बाटल्यांवर शेरा असायचा, 'खानदेशात एप्रिल-मेमध्ये लावू नये, ब्रशवरच वाळतो.' रणगाड्यावर लावायचे आकडे आणि चिन्हं कागदावर छापून येतात, ती पाण्यात भिजवून सोडायची असतात. आमच्या बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरे डाग पडायचे, म्हणून त्यांनी एका वहीत कुठल्या पाण्याने किती डाग ते लिहून ठेवलं होतं. बोअर, नळ, माठ, पावसाचं.

"घाई केली की सगळं पास होतं ताई," असं ते म्हणायचे. भाजी निवडताना, चहा गाळताना, कुठेही.

उन्हाचं तर माझ्यामुळेच सुरू झालं. डब्यातल्या फांद्यांवर कारखान्यातलं तेल असतं, ते साबणाच्या कोमट पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही. ते काम माझ्याकडे आलं. मे महिना होता. मी फांद्या धुतल्या आणि जसे आम्ही पापड वाळवतो तशा गच्चीवर पांढऱ्या कापडावर पसरल्या. दुपारी आणायला गेले तर तोफेची नळी काकडीसारखी वाकलेली. चिखलरोधकाच्या पातळ पट्ट्या वळलेल्या. जाड चाकं तेवढी जशीच्या तशी. डबा नानांचा स्वतःचा होता आणि वर्षभर वाट बघून मागवलेला होता.

मी तो तसाच कापडात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवला आणि दारापाशी उभी राहिले. उद्यापासून येऊ नका म्हणतील असं धरूनच चालले होते. नानांनी नळी हातात घेतली, डोळ्यांसमोर धरून फिरवली. मग वही ओढली. लिहिलं, 'जळगावच्या उन्हात दोन तासांत वाकतो. चाके टिकतात.' वर बघून म्हणाले, ही तपासणी आजवर कोणी केली नव्हती. त्यानंतर प्रत्येक नव्या डब्यातली एक कोरी फांदी ते मुद्दाम गच्चीवर ठेवायला लावायचे. माझी चूक त्यांनी रीत करून टाकली.

डोळ्यांचं मला आधी कळलं, त्यांनी सांगायच्या आधी.

एकदा मी त्यांच्या टेबलाजवळची धूळ पुसत होते. ताटलीत कापलेले भाग पडले होते. माझा हात आपोआप चालला. डाळ निवडल्यासारखं, बरे उजवीकडे, खोटे डावीकडे. एकाच्या कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा होता, एका चाकाला खळगा, एक कडी अर्धीच भरलेली. नाना मागे येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. मी दचकले. त्यांनी डावीकडचा एक-एक उचलून बोटाने चाचपला, भिंगाखाली धरला, खूप वेळ धरला, आणि म्हणाले, "हे मला दिसलंच नव्हतं."

तेव्हापासून त्यांनी दोन स्टीलच्या ताटल्या आणल्या. एक उजवीकडे, एक डावीकडे. मी निवडायचे, ते शेरा लिहायचे. मला बोलावं लागत नव्हतं, हे बरं होतं. भागांचे नंबर वाचून दाखवायला सांगायचे तेवढे दाखवायचे, चौथीपर्यंत शिकलेय, अंक मला येतातच. हळूहळू ते स्वतः बघेनासे झाले. डावी ताटली हाताने चाचपायचे. रिकामी असली तर पास. काही लागलं तर मला विचारायचे, काय झालंय त्याला, आणि मी दोन शब्दांत सांगायचे. मग एक दिवस चहा कपाच्या बाहेर ओतला गेला. ते म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा गेलाय, कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की आता परत येणार नाही.

"लेकीला कळायला नको," ते म्हणाले. तेवढंच.

लेक नाशिकला. प्रेमळ होती, पण नवरा-बायको दोघं नोकरीला, फ्लॅट लहान. तिने आधीच बजावलं होतं की बाबा, एकटं जमेनासं झालं त्या दिवशी मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार, आणि ते डबे-बिबे येणार नाहीत, आधीच सांगते. वाईट बोलत नव्हती ती. कोणतीही लेक तेच म्हणेल. पण डोळे गेल्याचं तिला कळलं की नानांचं घर गेलं, हे नानांना माहीत होतं आणि आता मलाही.

तिथून पुढची दोन वर्षं मी भीतभीतच काढली. रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा. मी फोन डब्याला टेकवून ठेवायचे आणि नानांची खुर्ची बरोबर त्याच्यासमोर. तरी ते कधी फोनच्या बाजूच्या भिंतीकडे बघून बोलायचे. लेक म्हणायची, बाबा, इकडे बघा ना. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हाताने दाखवायचे, थोडं इकडे, थोडं तिकडे. कॉल संपला की माझ्या पदराला घाम पुसायला जागा नसायची. कुरिअरवाला सही मागायला आला की मीच पुढे व्हायचे. कोणी भेटायला यायचं असलं की आधी चपला, स्टूल, बादली वाटेतून काढून ठेवायचे. आणि शेरे जात होते, देशभर जात होते, खाली नानांची सही. मला रोज वाटायचं, माझ्या हातून एक खडा निसटेल आणि कुठेतरी कोणाच्या तरी दाताखाली येईल, आणि नाव जाईल नानांचं.

आप्पा आले ते दिवाळीनंतर. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाहून, सकाळच्या गाडीने, काखेत डबा. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, वय ऐंशीच्या आसपास. बांगलादेशच्या लढाईत त्यांनी रणगाडा चालवला होता. डबा त्यांच्या पुतण्याने मोबाईलवरून मागवला होता. धुळ्याचा एक जण जोडून द्यायला तयार होता, पण म्हणाला होता, आधी जळगावच्या नानांकडून तपासून आणा.

आप्पा माझ्या माहेरचं बोलणं बोलत होते. दोंडाईचाकडचं. इतक्या वर्षांनी ते बोलणं जळगावच्या त्या खोलीत ऐकून मला कसंतरीच झालं.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याच गावचा एक जण त्यांच्याच रणगाड्यात होता, तोफेवर. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. "मी पुढे बठेल, तो मांगे. तो उना नही, मी उनू." तो आला नाही, मी आलो, एवढंच म्हणाले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्या माणसाची बायको गावात आहे. तिने दुसरं लग्न केलं नाही. पन्नास वर्षांत आप्पांना एक शब्द विचारला नव्हता. गेल्या पोळ्याला मात्र ओट्यावर बसलेली असताना विचारलं.

"ती माले इचारस, भाऊ, कशी व्हती ती गाडी?" आप्पा नानांना म्हणाले. "मी काय सांगू? हातवारे करीसन दखाडं. तिले काय समजी? आते हाई तिले दाखाडनी शे. पन खरी पाहिजे नाना. तिले खोटी गाडी दाखाडाले मी काय जत्रामा नेस का?"

नानांनी विचारलं, चाक कसं होतं आठवतं का. आप्पा म्हणाले, कसं विसरेन, रोज पुसायचो. एका बाजूला पाच चाकं, पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट, आणि प्रत्येक चाकावर पाच पाकळ्या, फुलासारख्या. त्यांनी हवेत बोटाने चाक काढून दाखवलं. नाना खूश झाले. म्हणाले, बरोबर. याच रणगाड्याच्या आधीच्या जातीला पाकळ्या नसतात, बारीक काड्या असतात, सायकलच्या चाकासारख्या. डबेवाले कधीकधी जुनीच चाकं भरून देतात.

मी निवडायला बसले. परक्या माणसासमोर हे काम मी कधी केलं नव्हतं. आप्पा आपले बोलत होते, नानांनी त्यांना माझी ओळख 'मदतीला असतात' एवढीच दिली होती. बाकीचा माल चांगला होता. चाकं हातात घेतली, रुपयाच्या नाण्याएवढी, आणि बघितलं. काड्या. बारा-बारा काड्या. डब्यावरच्या चित्रात पाच पाकळ्या, आत काड्या. मी दहाही चाकं डाव्या ताटलीत ठेवली आणि चहा ठेवायला आत गेले. आता नाना चाचपतील, चाकं लागतील, मला विचारतील, मी दोन शब्द बोलेन. झालं.

आतून ऐकलं, नाना म्हणाले, "पास."

मी दारात आले. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाकं बघायची म्हणून त्यांनी ती ओंजळीत घेतली होती, डोळ्यांना लावली होती, आणि ठेवताना उजव्या ताटलीत ठेवली होती. डावी ताटली रिकामी. त्यांचा चष्मा जाड, इतकं बारीक त्यांनाही दिसत नव्हतं. नानांनी वही ओढली होती आणि शेरा लिहून खाली सहीही केली होती.

चहा उकळून वर येत होता. तो मी बंद केला एवढं आठवतं.

मला सगळं एकदम दिसत होतं. बोलले तर नानांना दिसत नाही हे आप्पांना कळणार. आप्पा ते धुळ्याच्या माणसाला सांगणार, तो बाकीच्यांना सांगणार, आणि असल्या गोष्टी नाशिकला पोचायला किती वेळ लागतो. नाही बोलले तर काय होणार होतं? खेड्यातली एक म्हातारी काय पाकळ्या मोजणार होती? तिने ती गाडी उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती. कोणालाच कळलं नसतं. आप्पाही खुशीत गेले असते. नाना त्यांच्या घरात राहिले असते आणि माझंही काम राहिलं असतं.

आप्पा डब्याला दोरी बांधायला लागले. पहिली गाठ पडली.

पन्नास वर्षांनी एकदा विचारलं तिने, हे माझ्या मनातून जाईना.

"आप्पा, थांबा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बोलणं माहेरचंच आलं. "ह्या चाकं तुमनी गाडीना नहीत."

आप्पांनी मान वळवली. "काय म्हनी ऱ्हायनी माय?"

"तुम्ही सांगं पाच पाकळ्या. आठे बठ्ठ्या काड्या शेतस. बोट फिरवी दखा." इथे सगळ्या काड्याच आहेत, एवढंच सांगितलं.

त्यांनी दोरी सोडली. एक चाक काढून अंगठ्याने चाचपलं. मग दुसरं. मी नानांकडे बघू शकत नव्हते. बाहेर कोणीतरी रिक्षा सुरू करायला तीनदा खटपट केली.

नानांनी हात पुढे करून एक चाक मागितलं. अंगठा फिरवला. मग वही चाचपून घेतली, शेऱ्यावर आडवी रेघ मारली. रेघ शेऱ्याच्या बरीच खाली पडली, कोऱ्या जागेवर.

"आप्पा," ते म्हणाले, "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. तपासतात त्या या ताई. मी फक्त सही करतो."

आप्पा एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे आपुन दोन्ही आंधया," ते शेवटी म्हणाले, "आन् ही माय चहा करी ऱ्हायंती?"

नाना हसले. मी पहिल्यांदाच त्यांना असं हसताना बघितलं, खांदे हलेपर्यंत. हसू थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. मला म्हणाले, उन्हात वाकलेला डबा काढा, तोही याच जातीचा आहे. मी नापास कपाटातून तो काढला. नळी अजून काकडीसारखीच होती. चाकं तशीच, जाड, सरळ, आणि प्रत्येकावर पाच पाकळ्या. मी दहाही मोजून आप्पांच्या ओंजळीत दिली. त्यांनी यावेळी अंगठा फिरवला, पाच मोजले, आणि मान हलवली.

नानांनी वही माझ्यापुढे सरकवली. "शेरा तुम्ही लिहा. आणि खाली नाव घाला. माझं नाही, तुमचं."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. 'चाके बदलली. आता पास.' खाली नाव घालताना आडनावाला जागा उरली नाही.

आप्पांनी कोणाला काही सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगायची वेळच आली नाही. त्या रविवारी लेकीचा कॉल आला तेव्हा मी नेहमीसारखी दारात उभी राहिले, हात वर केला. नाना म्हणाले, ताई, राहू द्या. आणि भिंतीकडे बघतच लेकीला सगळं सांगितलं. मला नंतर म्हणाले, न बघता पास लिहिलं, तो शेरा शेवटचा.

महिन्याभरात घर आवरलं. डबे धुळ्याच्या त्या माणसाने नेले, नापाससुद्धा. लेकीने माझे दोन्ही हात धरले आणि आधी का नाही सांगितलंत असं विचारलं. मी खाली बघितलं. तिलाही मी सांगितलं नाही की त्या दिवशी आप्पांसमोर मी बोलले म्हणूनच हे झालं. अजूनही मनात येतं, मी चहा गाळत राहिले असते तर. मग आप्पांचा फोन आठवतो. रणगाडा जोडून झाला, गावी नेला. त्या बाईने हात लावायच्या आधी पदराने बोट पुसलं. वरच्या झाकणावर बोट ठेवून विचारलं, "त्या आठे बसेत का?" ते इथे बसायचे का, असं. आप्पा हो म्हणाले. मग तिने चाकांवरून बोट फिरवलं, एक-एक करत, दहाही. तिने मोजलं की नाही ते आप्पांना कळलं नाही. फक्त म्हणाली, झाकण उघडंच राहू द्या.

चाव्या द्यायच्या आदल्या दिवशी मी रिकामं घर झाडायला गेले. कपाट होतं तिथे भिंतीला लागून धुळीची रेघ होती. केर भरला आणि पाय आपोआप दाराकडे गेले. चाळणी खिळ्यालाच होती, ती कोणी नेली नव्हती. चाळून बघितलं. जाळीवर एक काळा दाणा राहिला. उजेडात धरला. कडी होती. माझ्या पहिल्या महिन्यातली.

नाशिकला फोन लावायला मला अर्धा तास लागला. नानांनीच उचलला. मी म्हटलं, कडी सापडली, झाकणाची. त्यांनी विचारलं,

"उजवीकडे की डावीकडे?"

मी ती परत उजेडात धरली. कपाटाच्या पायाखाली येऊन एका बाजूचं टोक तुटलं होतं. अगदी थोडं. न सांगता चाललं असतं.

"डावीकडे, नाना," मी म्हटलं.

"मग टाकू नका," ते म्हणाले.